अर्धा वाचलेला अहवाल

आमच्या वहिनींचें वय ७२. गतवर्षीं पावसाळ्यांत जिना चढतांना त्यांस थकवा जाणवूं लागला, म्हणून रक्त तपासून घेतलें. थायरॉक्सिनचें प्रमाण यथायोग्य होतें, टी. एस. एच. मात्र ७.२, म्हणजे मर्यादेहून किंचित् अधिक निघालें. डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांनीं पुन्हां पाहूं, तूर्त औषध नको." मला हें पटलें नाहीं. घरांत सूनबाई रोज थायरॉइडची गोळी घेतात. त्यांच्या डबींतील गोळी मींच वहिनींस सुरू करविली. महिन्याभरांत वहिनींची छाती धडधडूं लागली, झोप उडाली. गोळी बंद केल्यावर तें हळूहळू शमलें. 'प्रश्न पुरता वाचून मग उत्तर लिहा' असें ज्यानें मुलांना जन्मभर बजावलें, त्यानेंच अहवाल अर्धा वाचला होता!

ही चूक अन्य घरीं होऊं नये, म्हणून थोडा खुलासा करतों. कंठांतील थायरॉइड ग्रंथि थायरॉक्सिन नामक द्रव्य निर्माण करते. हृदयाची गति त्यावर बऱ्याच अंशीं अवलंबून असते. मेंदूच्या तळाशीं असलेली पीयूषिका ग्रंथि टी. एस. एच. पाठवून तिला प्रेरणा देते. टांग्याचा घोडा सुस्तावला कीं टांगेवाला चाबूक अधिक वाजवितो, तसाच हा प्रकार. वहिनींच्या बाबतींत चाबूक वाजत होता खरा. पण टांगा आपल्या वेगानेंच चालला होता.

घोडाच बसला, तर गोष्ट वेगळी. तेव्हां नाडी मंदावते, कोलेस्टेरॉल वाढतें, हृदयाचें आकुंचन-प्रसरण शिथिल होतें. तेथें ही गोळी संजीवनीच होय. १८९१ मध्यें इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें डॉ. जॉर्ज मरे यांनीं अशा एका स्त्रीस मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. ती त्यानंतर २८ वर्षें जगली.

यावरून अनुमान असें निघतें कीं, उणीव सौम्य असली तरी औषधानें हृदयास थोडा लाभ व्हावाच. अनुमान सुबक आहे. परंतु प्रत्यक्ष प्रमाणापुढें तें टिकलें नाहीं. ब्रिटनमध्यें हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या व अशी सौम्य उणीव असलेल्या ९५ रोग्यांपैकीं कांहींना खरी गोळी, तर कांहींना तशीच दिसणारी निरौषधी गोळी ५२ आठवडे दिली. २०२० मध्यें प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, हृदयाची रक्त लोटण्याची शक्ति औषधानें अधिक सुधारली नाहीं. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या, ७३७ वृद्धांच्या चाचणींत थकवाही कमी झाला नाहीं. उलट मात्रा अधिक झाल्यास हृदयाची लय बिघडूं शकते व हाडें ठिसूळ होतात.

म्हणून वृद्धांनीं एका आंकड्यावरून घाई करूं नये. पुनः तपासणींत तो पुष्कळदां आपोआप उतरतो. आंकडा १० च्या वर असेल किंवा स्त्री गर्भिणी असेल, तर विचार निराळा. तो डॉक्टरांनीं करावा. आणि डॉक्टरांनीं सुरू केलेली गोळी हा लेख वाचून कोणींही सोडूं नये. ती सकाळीं उपाशीपोटीं पाण्याबरोबर घ्यावी, चहा निदान अर्ध्या तासानें. लोह वा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतरानें.

वहिनींच्या थकव्याचें मूळ शेवटीं पांडुरोगांत, म्हणजे रक्तांतील लोहाच्या उणिवेंत निघालें. आतां त्या सुखानें जिना चढतात. आणि घरांतले अहवाल वाचावयास मजकडे येत नाहींत, हेंही योग्यच झालें.