आभाळ उजेडात, माणूस अंधारात

गेल्या नामविस्तार दिनी, १४ जानेवारीला, विद्यापीठ गेटवर आम्ही एका आजींची मुलाखत घेतली. 'आम्ही' म्हणतो खरे, पण कॅमेऱ्यामागे त्या दिवशी एकच जण होता. मोबाइल, ट्रायपॉड आणि एक कॉलर माइक. १९७८ साली त्यांच्या वस्तीवर जे घडले ते आजी बावीस मिनिटे बोलल्या. मागे गेट दिसले पाहिजे या हट्टापायी आम्ही त्यांना ऐन दुपारी उघड्या आभाळासमोर उभे केले होते. आठवड्याने त्यांच्या घरी जाऊन तो व्हिडिओ दाखवला. आजींनी चष्मा पुसला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला, आणि म्हणाल्या, "आवाज माझाच हाय. पन मी कुठंय यात?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. गेटचा दगड न् दगड स्पष्ट होता. आभाळ पांढरेशुभ्र होते. आजींच्या जागी एक काळी आकृती हात हलवत होती.

हा एका मुलाखतीचा दोष असता तर लेख लिहायची गरज नव्हती. पण आपल्या चळवळीतल्या मुलांनी गेल्या दहा वर्षांत केलेले व्हिडिओ उघडून पाहा. मोर्चातली बाईट असो, जयंतीची मुलाखत असो, अत्याचारग्रस्त कुटुंबाची भेट असो. बॅनर वाचता येतो, झेंडा दिसतो, मागची गाडी दिसते. बोलणाऱ्याचे डोळे दिसत नाहीत. यावर आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे : आशय महत्त्वाचा, प्रकाशयोजना वगैरे सिनेमावाल्यांचे लाड. हे उत्तर आम्हीही पुष्कळदा दिले आहे. ते चुकीचे आहे.

कारण साक्ष ही नुसत्या शब्दांची नसते. साक्षीदार साक्ष देताना कसा वागतो-बोलतो याची नोंद न्यायाधीशाने करावी, अशी तरतूद आपल्या फौजदारी प्रक्रियेतच आहे. घर जळाल्याचे सांगताना आजी कुठे थांबल्या, कुठे त्यांचे ओठ मुडपले, कुठे त्या चक्क हसल्या, हे सगळे आशयच आहे. ते गेले तर उरतो तो मजकूर. आणि मजकुरावर 'हे तर ऐकीव आहे' असा शिक्का मारणे फार सोपे असते.

यात घाईही आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. पुढे १९७९चा लाँग मार्च, सत्याग्रह, तुरुंग. आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नाव आले तेही विस्तार म्हणून. पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे ही नावे आपण दरवर्षी घेतो. पण ज्यांची नावे कुठल्याच यादीत नाहीत, ज्यांनी जळालेल्या घराच्या राखेतून भांडी वेचली, त्यांचा पुरावा त्यांच्याच तोंडी आहे. तेव्हा वीस वर्षांचा असलेला तरुण आज सत्तरीला टेकला आहे. त्या काळात आपल्या वस्तीत कोणाकडे कॅमेरा होता? आज प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि आपण त्यातून काळ्या आकृत्या गोळा करतो आहोत.

कॅमेरा निःपक्ष असतो हा आणखी एक भ्रम. मोबाइलचा स्वयंचलित मोड चौकटीतल्या उजेडाचा हिशोब करतो, आणि चौकटीत आभाळ जास्त असेल तर आभाळ सांभाळतो. माणूस हा त्याच्या हिशोबातला किरकोळ भाग. त्यात त्वचा सावळी असेल तर आणखी किरकोळ. याचा इतिहास जुना आहे. रंगीत छायाचित्रांचे रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असलेले कार्ड पाठवत असे; 'शर्ली कार्ड' या नावाने ते ओळखले जाई. तिचा चेहरा बरोबर आला म्हणजे रंग बरोबर. काळ्या माणसांचे चेहरे नीट येत नाहीत ही तक्रार वर्षानुवर्षे होती. फिल्ममध्ये तपकिरी छटा सुधारायला मात्र लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारी कामी आल्या. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मोझांबिकमध्ये काम करताना गोदार या फ्रेंच दिग्दर्शकाने कोडॅकची फिल्म वंशवादी आहे म्हणून ती नाकारली. गूगलने आपल्या फोनमध्ये सर्व वर्णांच्या त्वचेसाठी वेगळी आखणी केल्याचे जाहीर केले ते २०२१ साली.

इथे एक खुलासा करतो, नाहीतर कोणी लगेच चूक काढेल. जात म्हणजे रंग नव्हे. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे हा सिद्धांत बाबासाहेबांनी १९४८च्या 'द अनटचेबल्स'मध्ये खोडून काढला आहे आणि आम्ही त्या बाजूचे आहोत. पण पिढ्यान्‌पिढ्या उन्हात राबलेली कातडी आणि गोऱ्या चेहऱ्यावर जुळवलेले यंत्र समोरासमोर येते तेव्हा काय होते, ते आजींनी एका वाक्यात सांगितले. याला उपाय म्हणून मोबाइलचा ब्यूटी मोड चालू करणारेही आपल्यातच आहेत. तो पहिला बंद करा. आजींना गोरे करायचे नाही, दिसते करायचे आहे. सुरकुतीसकट.

मग एकट्याने हे करायचे कसे? आमच्या अनुभवातून जे हाती लागले ते सांगतो. पैसे जवळपास लागत नाहीत.

पहिली गोष्ट, उन्हाशी स्पर्धा करू नका. भर उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो. दोन-चार हजारांचा बॅटरीवरचा एलईडी दिवा त्याच्यापुढे काडेपेटीतली काडी. आम्ही वर्गणी काढून तसला दिवा घेतला. आता तो वाचनालयात लाइट गेल्यावर कामी येतो. शिवाय आपले शहर साधारण वीस अंश अक्षांशावर. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. अशा वेळी माणसाच्या भुवयांची सावली डोळ्यांत पडते आणि डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. म्हाताऱ्या माणसाला त्या उन्हात बसवणे हा वर अत्याचार.

म्हणून सावली. पण कोणती सावली, हे कळायला आम्हाला दोन वर्षे लागली. झाडाखाली बसवण्याचा मोह होतो. लिंबाच्या झाडाखाली कवडसे पडतात, वारा आला की चेहऱ्यावर उजेडाचे ठिपके नाचतात आणि त्वचेला हिरवट झाक येते. त्यापेक्षा दुपारी चारनंतर घराची पूर्वेकडची बाजू घ्या. सूर्य पश्चिमेला कलतो तशी त्या बाजूची सावली लांबत जाते. सकाळी पश्चिमेच्या बाजूला उलटे होते, सावली आखडत जाते आणि ऐन रंगात आलेल्या बोलण्यात माणसाच्या गुडघ्यावर ऊन येऊन बसते. मुलाखत तासभर चालणार असेल तर वाढत्या सावलीत बसा. एकट्या माणसाला दर दहा मिनिटांनी ट्रायपॉड उचलणे जमत नाही, आणि उचलला की बोलण्याची लय तुटते ती तुटतेच.

सावलीत खुर्ची भिंतीला चिकटवू नका; पोलीस ठाण्यातला फोटो वाटतो. चार-पाच फूट पुढे घ्या. तोंड मोकळ्या आभाळाकडे, पण सरळ नाही, किंचित तिरपे, म्हणजे एका गालावर उजेड आणि दुसऱ्यावर हलकी सावली राहते आणि डोळ्यात आभाळाचा ठिपका चमकतो. तो ठिपका नसेल तर माणूस विझल्यासारखा दिसतो. चौकटीत आभाळ येऊ देऊ नका. मागे चेहऱ्यापेक्षा गडद काहीतरी हवे : उघडे दार, बोळ, झाडाचे खोड. मग मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरा, एक्सपोजर तिथेच लॉक होते. लॉक केले नाही तर मागून कोणी पांढरा सदरा घालून गेला की चेहरा पुन्हा काळवंडतो.

एक चूक आमच्याच घरची. विहाराच्या निळ्या भिंतीजवळ बसवण्याची आपल्याला सवय आहे. निळा रंग आपला आहे, पण जवळच्या भिंतीचा रंग गालावर उतरतो आणि माणूस आजारी दिसतो. निळे मागे, लांब असू द्या.

सावलीच्या बाजूचा गाल फारच गडद वाटला तर पांढरे काहीतरी धरायचे. सिनेमावाले त्याला रिफ्लेक्टर म्हणतात. थर्माकोलचा पत्रा किंवा पांढरी चादर तेच काम करते. धरायला कोणी नसेल तर बाजेला टेकवा आणि पायाशी पाण्याचा भरलेला कॅन ठेवा, वाऱ्याने पडत नाही. अनेक उपासिका पांढऱ्या साडीत असतात, त्यांच्या पदराचाच उजेड हनुवटीखाली येतो. जयंतीनंतर उरलेल्या काही फ्लेक्सची मागची बाजूही पांढरी असते. आम्ही एकदा असा फ्लेक्स उलटा करून अंगणात अंथरला, तर खुर्चीवरचे बाबा ताडकन उठले. "का रे पोरा, बाबासाहेबांना पालथं घालायलास का?" त्यांचे बरोबर होते. त्यानंतर चादर.

हे तंत्र काही परदेशातून आलेले नाही. अजिंठा-वेरूळच्या लेण्यांत विजेचे दिवे येण्याआधी दाराशी आरसा किंवा पत्रा धरून, पांढऱ्या कापडावर ऊन घेऊन ते आत टाकत आणि अंधारातला बुद्ध पाहुण्यांना दाखवत. तेच आपण अंगणात करतो आहोत, माणसासाठी.

आणि कॅमेऱ्याची उंची. उभ्याने मोबाइल धरून बसलेल्या आजींचे चित्रण करणे म्हणजे वरून खाली पाहणे. आपल्या लोकांकडे वरून पाहणाऱ्यांची या देशात कमी नाही. त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत कॅमेरा ठेवा आणि आपण पाटावर बसा.

काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात, ही पोरं चळवळीचा स्टुडिओ करायला निघाली. त्यांना आमचा उलटा प्रश्न आहे. बाहेरचे लोक कॅमेरा घेऊन वस्तीत येतात, अंधाऱ्या झोपडीत एका बाजूचा उजेड टाकून आपले दुःख छान काढून नेतात, त्यावर बक्षिसे घेतात. तेव्हा प्रकाश किती महत्त्वाचा असतो ते त्यांना नेमके ठाऊक असते. फक्त आपणच त्याला लाड का म्हणायचे? माणसे कमी आहेत ही सबबही पुरत नाही. १९९७च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे चित्रण करून २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण केला, तो काही मोठ्या लवाजम्याच्या जोरावर नाही.

अंधार मात्र कधीकधी हवा असतो, आणि तिथे फार सांभाळावे लागते. अत्याचाराची साक्ष देणारी बाई गावातच राहणार असेल, तर तिचा चेहरा दिसणे तिच्या जिवावर बेतू शकते. लैंगिक अत्याचार असेल तर तिची ओळख उघड करणे हा गुन्हाच आहे. अशा वेळी तिला उजेडाकडे पाठ करून बसवा, एक्सपोजर मागच्या उजेडावर लॉक करा, म्हणजे मूळ फाइलमध्येच चेहरा अंधारात राहील. 'नंतर ब्लर करू' म्हणू नका. मोबाइल हरवतो, जप्त होतो, मूळ फाइल कोणाच्या तरी ग्रुपवर जाते. मागचे घर, दारावरचे नाव, विहीर हेही तपासा. पण हा अंधार तिने ठरवलेला असला पाहिजे. चित्रीकरणाआधी दोन्ही प्रकारे काढून तिला पडद्यावर दाखवा, तिचा निर्णय झाला की दुसरी फाइल तिच्यासमोर पुसून टाका. तिने ठरवलेला अंधार आणि आमच्या आळसाने आजींवर आलेला अंधार, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

आजींकडे आम्ही फेब्रुवारीत पुन्हा गेलो. साडेचार वाजता, घराच्या पूर्वेला, मागे उघडे दार, बाजेला टेकवलेली चादर. या वेळी सगळे दिसते. डोळ्यांतले पाणी दिसते, गोंदण दिसते, नातू मध्येच चहा घेऊन आला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे टाकलेली नजर दिसते. व्हिडिओ पाहून त्या खूश झाल्या, सुनेला हाक मारून दाखवला. पण गेटवर त्यांनी सासऱ्यांबद्दल जे सांगितले होते ते या वेळी आले नाही. आम्ही दोनदा विचारले. "ते झालं की सांगून," एवढेच म्हणाल्या. ती चार मिनिटे आमच्याकडे आता फक्त आवाजात आहेत.