टिकले म्हणून खरे?



"विकिपीडियावर इतकी वर्षे आहे. चूक असती तर कोणीतरी काढली नसती का?" हा युक्तिवाद मी क्रेगीबर्नमध्ये ऐकतो, पुण्यात ऐकतो, आणि तो करणारे बहुतेक उच्चशिक्षित असतात. पेशाने संशोधक असल्यामुळे मला तो फार खटकतो.

मजकूर किती टिकतो हे मोजता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतील अॅडलर आणि दे अल्फारो यांनी २००७ साली लेखकाची पत ठरवण्याची एक रीत मांडली. तुमचे शब्द पुढच्या संपादकांनी राखले तर तुमची पत वाढते, लगेच उडवले तर घटते. कल्पना चांगली आहे. पण तिच्यात एक गृहीतक दडले आहे: पुढे कोणीतरी येईल, लेख वाचेल आणि मोकळ्या मनाने निर्णय घेईल.

मराठीत हे गृहीत धरता येते का? मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. आज लेख लाखाच्या घरात आहेत, नियमित संपादक मात्र मोजकेच. गावांवरचे साचेबद्ध, दोन-चार ओळींचे कितीतरी लेख वर्षानुवर्षे तसेच पडून आहेत. रुग्णाला तपासायला कोणी गेलेच नाही आणि आपण जाहीर करतो की तो ठणठणीत आहे! त्याच २००७ साली मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी शब्द किती काळ टिकला यापेक्षा टिकलेला असताना किती वेळा पाहिला गेला, हे मोजले. हे माप अधिक प्रामाणिक आहे. पण पाहणारा प्रत्येक जण तपासणारा नसतो.

आता दुसरी बाजू. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आल्यानंतर संभाजी महाराजांवरील इंग्रजी लेखातल्या मजकुराला आक्षेप घेतला गेला. महाराष्ट्र सायबर पोलिसांनी तो काढण्यासाठी नोटीस दिली आणि पुढे संपादकांवर गुन्हाही नोंदवला. मजकूर बरोबर होता की चूक, हा वाद पुराव्यांनी लढवता आला असता. समजा, उद्या एखाद्या संपादकाने पोलिसांच्या धास्तीने संदर्भासहित लिहिलेले वाक्य काढले. आपले माप काय म्हणेल? वाक्य टिकले नाही, म्हणजे हलक्या प्रतीचे. लिहिणाऱ्याची पत कमी करा. खोडून काढलेले आणि घाबरून काढलेले यांतला फरक या आकड्याला कळत नाही.

म्हणजे दुर्लक्षामुळे आयुष्य वाढते, दडपणामुळे घटते, आणि दोन्हींना आपण गुणवत्ता म्हणतो. बहुमत म्हणजे सत्य नव्हे, हे आपण पुरोगामी म्हणवणारे लोक व्यासपीठावरून सांगत असतो. मग निव्वळ टिकाऊपणा सत्य कसा ठरतो? आता तर हाच मजकूर भाषा शिकणाऱ्या यंत्रांना खाद्य म्हणून जातो. न तपासलेले वाक्य उद्या तुमच्या मुलांना आत्मविश्वासाने उत्तर म्हणून परत मिळणार आहे.

म्हणून माझी मागणी अशी की कोणी टिकाऊपणाचा दाखला दिला, तर तीन प्रश्न विचारा. किती जणांनी तपासले? कोणत्या संदर्भाने राखले? काढले असेल तर का काढले? 'इतिहास' आणि 'चर्चा' ही पाने प्रत्येक लेखामागे उघडी आहेत.

आपल्यात डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, अर्थतज्ज्ञ आहेत. आपापल्या विषयातला एक मराठी लेख या महिन्यात शेवटपर्यंत वाचा, आणि चूक दिसली तर संदर्भ देऊन दुरुस्त करा. तेवढे करायला वेळ नसेल, तर निदान "इतकी वर्षे आहे" हे वाक्य वापरणे थांबवा.