मिरवणुकीआधीची बैठक

गुढीपाडव्याची स्वागतयात्रा ही डोंबिवलीने महाराष्ट्राला दिलेली देणगी आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस आबासाहेब पटवारी यांच्या कल्पनेतून गणेश मंदिर संस्थानने ती सुरू केली आणि काही वर्षांतच ठाण्यापासून गिरगावापर्यंत तिची प्रथा पडली. त्यानंतरच्या पाव शतकात ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांनी उत्सवांची मोठी मालिका उभी केली. आगरी महोत्सव भरतो, मालवणी जत्रा भरते, तलावांच्या काठी छठपूजा होते, ओणम आणि दुर्गापूजेचे मंडप पडतात, 14 एप्रिलला भीमजयंतीच्या मिरवणुका निघतात. यातल्या बहुतेक निमंत्रणपत्रिकांवर ‘सर्व समाजबांधवांनी सहभागी व्हावे’ असे छापलेले असते आणि ते मनापासून छापलेले असते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरीही एक प्रश्न उरतो. सहभागी व्हायचे म्हणजे नेमके काय करायचे? पोशाख घालून चित्ररथावर उभे राहायचे, की मार्ग कोणता, खर्च किती, भाषण कोणाचे, हे ठरवायला बसायचे? माझ्या मते शहरातला कार्यक्रम खरोखर सर्वांचा आहे की नाही, याची कसोटी ही दुसरी गोष्ट आहे. मिरवणुकीआधी दोन महिने जी बैठक भरते, तिच्यात कोणकोण खुर्चीवर बसले होते, हे विचारले पाहिजे.

ही शहरे मुळात वेगवेगळ्या लोकांनीच वसवलेली आहेत. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांना दिलेली दाने तिथल्या शिलालेखांत नोंदलेली आहेत, म्हणजे या बंदरात परमुलखातली माणसे आणि माल येण्याला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. ठाण्यात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजाचे सिनेगॉग 1879 पासून उभे आहे. त्याच शहरात चेंदणीचा कोळीवाडा आहे, जुनी अग्यारी आहे, पोर्तुगीज काळातले चर्च आहे. 1854 मध्ये रेल्वे कल्याणला पोहोचली आणि पुढच्या शतकात कोकण, घाट, विदर्भ, गुजरात, केरळ, उत्तर प्रदेश अशा सगळीकडून नोकरीच्या शोधात निघालेल्या कुटुंबांना परवडणारे घर मिळाले ते याच पट्ट्यात. फाळणीनंतर कल्याणलगतच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि तिथे उल्हासनगर झाले. 2011 च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या 18 लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची 12 लाखांवर गेली होती. इथे विविधता कुठून आणून दाखवावी लागत नाही. उणीव आहे ती या माणसांनी मिळून एखादे काम करण्याची. सकाळची लोकल पकडून निघालेला माणूस रात्री घरी येतो. शेजाऱ्याशी त्याची गाठ लिफ्टमध्ये पडते. गावात जी ओळख रोजच्या भेटीतून आपोआप होते, तिला या वेळापत्रकात जागा नाही. त्यातच नव्या वसाहती भाषेप्रमाणे, आहाराप्रमाणे, उत्पन्नाप्रमाणे वेगळ्या पडत चालल्या आहेत.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतीय शहरांतल्या हिंदू-मुस्लीम दंगलींचा अभ्यास करून 2002 मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याचा निष्कर्ष इथे नेमका लागू पडतो. खेड्यात रोजचे येणे-जाणे, एकमेकांच्या सणाला जेवायला जाणे एवढे शांतता टिकवायला बहुधा पुरते. मोठ्या शहरात ते पुरत नाही. तिथे दोन्ही समाजांचे लोक ज्यांत एकत्र सभासद असतात अशा संस्था लागतात. व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालये, क्लब. तणावाच्या दिवशी अफवा खोडून काढायला आणि आपल्याच माणसांना आवरायला याच संस्था उपयोगी पडतात. वार्ष्णेय यांनी त्यात दिलेल्या दाखल्यांपैकी एक कल्याणहून खाडी ओलांडली की येणाऱ्या भिवंडीचा आहे.

भिवंडीची गोष्ट आपल्या भागात पुरेशी सांगितली जात नाही. 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी तिथे दंगल पेटली. न्यायमूर्ती मादोन आयोगाने त्या दंगलीची तपशीलवार चौकशी केली. मे 1984 मध्ये पुन्हा तेच घडले. सार्वजनिक कार्यक्रम माणसांना जोडतोच, असे गृहीत धरणाऱ्यांनी 1970 ची तारीख लक्षात ठेवायला हवी. मिरवणूक हे शक्तिप्रदर्शनाचेही साधन असते, आणि ती कोणत्या बाजूला झुकेल हे ती काढणाऱ्यांच्या रचनेवर ठरते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. वस्तीवस्तीतले दोन्ही धर्मांचे रहिवासी आणि त्या भागाचा पोलीस नियमित एकत्र बसू लागले. विषय मोठे नव्हते. किरकोळ भांडणे, तक्रारी, सणांच्या दिवसांतली व्यवस्था. पण महिन्यामागून महिने असे बसल्यामुळे कोणाला फोन करायचा, कोणाचा शब्द चालतो, हे एकमेकांना कळले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे तिथे 900 माणसे मेली, आणि त्याच दिवसांत दंगलींसाठी कुप्रसिद्ध असलेली भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे यावर पुस्तक लिहिले, त्याचे शीर्षकच ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असे आहे.

याला उत्तर म्हणून 2006 कडे बोट दाखवले जाते. त्या वर्षी जुलैमध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या वादातून भिवंडीत हिंसाचार झाला, पोलीस गोळीबार झाला आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. मग समित्यांचा उपयोग काय? आक्षेप रास्त आहे आणि तो टाळता येणार नाही. पण त्यातून समित्या व्यर्थ होत्या असे निघत नाही. एका अधिकाऱ्याच्या जिद्दीवर उभी राहिलेली व्यवस्था तो बदलून गेल्यावर सैल पडते, एवढेच त्यातून निघते. तिला नागरिकांच्या स्वतःच्या संस्थांचा आधार नसेल, तर ती दर पिढीला नव्याने उभारावी लागते. ठाणे-डोंबिवलीकडे हा आधार आधीच आहे. ढोल-ताशा पथके, गणेशोत्सव मंडळे, वाचनालये, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळे, नाट्यसंस्था, ट्रेकिंगचे गट. इतके संघटित लोक फार थोड्या शहरांत असतील. फक्त यातल्या बहुतेक संस्थांच्या कार्यकारिण्या एकाच आळीच्या, एकाच जातीच्या किंवा एकाच भाषेच्या आहेत.

कार्यकारिणी बदलली की काय होते, याचे उत्तम उदाहरण डोंबिवलीनेच दिले आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये 90 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले. अध्यक्ष अक्षयकुमार काळे होते आणि आयोजक होते आगरी यूथ फोरम. या तपशिलाचे महत्त्व त्या वेळी पुरेसे ओळखले गेले नाही असे मला वाटते. डोंबिवलीची ‘सांस्कृतिक नगरी’ ही ओळख नोकरीनिमित्त आलेल्या पांढरपेशा वर्गाने घडवली. आगरी हे इथले मूळचे शेतकरी. ज्यांच्या शेतजमिनींवर औद्योगिक वसाहत आणि गृहसंकुले उभी राहिली, त्यांच्यातले अनेक जण आगरीच. या शहराच्या सांस्कृतिक कार्यक्रमांत त्यांना पाहुणे म्हणून किंवा लोकनृत्याचा एक विभाग म्हणून बोलावले जाई. 2017 मध्ये तेच यजमान होते. निधी त्यांनी जमवला, मांडव त्यांनी घातला, आणि संमेलननगरीला नाव दिले ते डोंबिवलीकर पु. भा. भावे यांचे. ज्याच्या हाती निर्णय आला त्याने दुसऱ्याचा मान राखला, आणि शहराला आपल्याच एका मोठ्या समाजाचे कर्तृत्व दिसले. दहा वर्षे चित्ररथांवर आगरी पोशाख मिरवूनही हे साधले नसते.

आता मुख्य आक्षेपाकडे वळतो. तो असा की पाडवा, गणपती, नवरात्र हे धार्मिक सण आहेत. देवळाच्या विश्वस्तांनी आपल्या सणाची आखणी आपल्या श्रद्धेप्रमाणे करावी, त्यात इतरांनी खुर्ची का मागावी? या आक्षेपातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. देवळातली पूजा, मशिदीतली नमाज, चर्चमधली प्रार्थना यांत बाहेरच्याने ढवळाढवळ करू नये. पण कार्यक्रम सार्वजनिक रस्त्यावर आला, दुकानादुकानांतून वर्गणी गोळा झाली, महापालिकेचे मैदान आणि पोलिसांचा बंदोबस्त मिळाला, आणि शहराच्या नावाने निमंत्रण निघाले, की तो फक्त विश्वस्तांचा राहत नाही. हा युक्तिवाद नवा नाही आणि बाहेरून आलेलाही नाही. 1926 मध्ये दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात प्रबोधनकार ठाकरे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रावबहादूर बोले यांनी हाच मुद्दा मांडला होता. वर्गणी सर्व हिंदूंकडून घेता, तर पूजेचा अधिकार अस्पृश्यांना का नाही? बराच वाद होऊन तडजोड निघाली ती दलित कार्यकर्त्याने फुले द्यायची आणि ब्राह्मण पुजाऱ्याने ती मूर्तीला वाहायची, अशी. त्यानंतर तिथला तो उत्सवच बंद करण्यात आला, आणि प्रबोधनकारांनी नवरात्राचा सार्वजनिक उत्सव सुरू केला. पावतीपुस्तक सर्वांपुढे धरायचे आणि निर्णय मोजक्यांनी घ्यायचे, या विसंगतीवर शंभर वर्षांपूर्वी बोट ठेवले गेले होते, आणि बोट ठेवणारे महाराष्ट्राचे प्रबोधनपुरुष होते.

दुसरी भीती मराठीपणाची आहे, आणि मी ती हलकी लेखत नाही. मुंबईतून रेटला गेलेला मराठी माणूस ठाणे-डोंबिवलीत आला. इथेही सर्वांना जागा देता देता आपली भाषा कोपऱ्यात जाईल, असे त्याला वाटते. पण 2017 चे संमेलन मराठीचेच होते, आणि ते आगरी समाजाने भरवल्यामुळे मराठी आकसली नाही, तिच्या मालकांची संख्या वाढली. बेने इस्रायली कुटुंबे इस्रायलला गेल्यावरही तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक काढतात. डोंबिवलीत वाढलेल्या मल्याळी, तामीळ किंवा गुजराती मुलाला बैठकीचे कामकाज मराठीत चालते म्हणून ती भाषा लागली, तर ती त्याच्या कामाची होते. नुसत्या टाळ्या वाजवायला बोलावलेल्याला भाषा शिकायची गरज पडत नाही.

काही जण म्हणतात की रस्ते खड्ड्यांत आहेत, लोकलमधून माणसे पडून मरतात, पाणी अपुरे आहे. अशा वेळी उत्सवांच्या समित्यांवर शाई कशाला खर्चावी? दोन्ही कामे एकाच माणसांना करावी लागतात, हे त्याचे उत्तर. ज्या वस्तीने आपला कार्यक्रम स्वतः उभा केला आहे, ती पाण्यासाठी महापालिकेच्या दारातही बोलू शकते. ठाण्यात रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला, त्याचे मोल यात आहे. झोपडवस्त्यांतली मुले आपल्या आयुष्यातले विषय निवडून स्वतः नाटिका रचतात आणि शहरातल्या रंगमंचावर सादर करतात. बालनाट्याला आयुष्य दिलेल्या मतकरींना या मुलांसाठी नाटक लिहून देणे सहज जमले असते. त्यांनी लेखणी मुलांच्या हाती दिली. 2020 मध्ये मतकरी गेले, पण मुलांचा हा नाट्यजल्लोष त्यांच्या नावाने पुढे चालू राहिला.

यातला सर्वांत दुर्लक्षित गट दिव्यांगांचा आहे, आणि इथे सबबी सांगायला जागाच नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारचे अपंगत्व मान्य केले आहे आणि सांस्कृतिक जीवनातला सहभाग हा त्यांचा हक्क ठरवला आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा शासनाचा नियम आहे. तरीही व्हीलचेअरवरच्या माणसाला व्यासपीठावर सत्कारासाठी उचलून नेले जाते, कारण व्यासपीठाला उतार करायचे कोणाला सुचलेले नसते. आखणीच्या बैठकीत असा एक माणूस असता, तर ते पहिल्याच दिवशी सुचले असते.

महापालिका मांडवाला, मिरवणुकीला आणि मैदानाला परवानगी देते, तेव्हा आयोजक मंडळाची कार्यकारिणी आणि मागच्या वर्षीचा जमाखर्च संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याची अट घालणे तिला जड नाही. सवलतीच्या दरात मैदान हवे असेल, तर निर्णय घेणाऱ्या समितीत शहरातल्या इतर समाजांचे, वस्त्यांचे आणि दिव्यांगांचे सभासद असावेत, असा नियम करता येईल. नुसत्या नावापुरते सभासद घेतले जातील, हा धोका आहे. त्यासाठी बैठकांचे इतिवृत्त आणि सभासदांच्या सह्याही त्याच संकेतस्थळावर असाव्यात. पण यासाठी महापालिकेची वाट पाहण्याचे कारण नाही. पाडव्याच्या यात्रेची तयारी दोन-तीन महिने आधी सुरू होते. यंदा चेंदणीच्या कोळीवाड्याला, आगरी गावांना, बौद्ध विहारांना, गुरुद्वाराला, चर्चला, मुस्लीम वाचनालयांना, केरळी समाजाला आणि दिव्यांगांच्या संघटनांना पत्र जावे ते पहिल्या बैठकीचे. ती बैठक रविवारी दुपारी, तळमजल्यावरच्या सभागृहात ठेवावी, आणि मार्ग व खर्च हे विषय त्याच दिवशी चर्चेला घ्यावेत, आधी ठरवून नंतर सांगू नयेत.