कृतज्ञतेची वही आणि तिची मर्यादा

भिंतीवरच्या कॅलेंडरात दूध किती आले, गॅसची टाकी कधी लावली याची नोंद अनेक घरांत वर्षानुवर्षे होते. मनातही असाच एक हिशेब चालू असतो. पण त्यात खर्चाची बाजू ठळक आणि जमेची पुसट असते. दुपारी साहेब काय बोलले ते रात्री उशीवर डोके टेकताच आठवते. त्याच दिवशी खच्चून भरलेल्या बसमध्ये कुणीतरी उठून जागा दिली, हे मात्र घरी पोहोचेपर्यंत विसरलेले असते. वाईटाकडे आधी लक्ष जाणे ही मेंदूची जुनी सवय आहे. या सवयीवर उतारा म्हणून ‘कृतज्ञतेची वही’ अलीकडे सर्रास सुचवली जाते. समाजमाध्यमांवर तर ती रक्तदाबापासून नैराश्यापर्यंत सर्वांवरचा इलाज म्हणून मिरवते. म्हणूनच तिचा नेमका उपयोग किती, हे तपासून पाहायला हवे.

अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांचा या विषयावरील अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटाने दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्याने त्रासाच्या गोष्टी लिहिल्या, तर तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाला आयुष्याबद्दल अधिक समाधान वाटले आणि त्यांच्या शारीरिक तक्रारीही कमी होत्या. स्नायू आणि मज्जातंतूंचे आजार असलेल्या प्रौढांनी २१ दिवस रोज असे लेखन केले, तेव्हा त्यांनी झोप सुधारल्याचे सांगितले.

हे सारे आशादायक आहे. पण चित्र इथेच संपत नाही. ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी अशा २७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांवर कृतज्ञतेच्या सरावाचा परिणाम होतो, पण तो अल्प असतो, असे त्यातून दिसले. थोडक्यात, ही वही रोजच्या चालण्यासारखी आहे. प्रकृतीला चांगली, बिनखर्चाची. पण न्यूमोनिया झालेल्याला ‘चालून या’ म्हणून कुणी सांगत नाही.

लिहायचे असेल तर नेमके लिहावे. ‘घरचे सगळे चांगले आहेत’ हे वाक्य चौथ्या दिवशी निर्जीव होते. ‘पाऊस होता म्हणून शेजारच्या काकूंनी मुलाला शाळेतून आणले आणि ड्युटी अर्धवट सोडावी लागली नाही’, या वाक्यात माणूस दिसतो, कारणही दिसते. झोपण्यापूर्वी पाच मिनिटांत दोन-तीन नोंदी पुरतात. एखादा दिवस चुकला तर अपराधी वाटून घेऊ नये. आठवड्यातून एकदा लिहिले तरी चालते. लिहिता येत नसेल त्याने घरातल्या कुणाला तरी सांगावे. आणि वहीत ज्या काकूंचे नाव आले, त्यांना दुसऱ्या दिवशी दोन शब्द बोलून दाखवले तर उत्तमच.

धोका आहे तो ही वही दुसऱ्याच्या हातात बळजबरीने देण्यात. ‘सगळे काही असताना तुला कमी काय आहे?’ हा प्रश्न आपल्या घरांत सहज विचारला जातो. नैराश्याच्या रुग्णाला तो जखमेवर मीठ चोळल्यासारखा लागतो. कशातच आनंद न वाटणे आणि विनाकारण अपराधी वाटणे ही या आजाराची लक्षणेच आहेत. अशा व्यक्तीला तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितले आणि पान कोरे राहिले, तर ‘मी कृतघ्न आहे’ याचा तिला जणू पुरावाच मिळतो. उदासी, झोप-भूक बिघडणे, कामात मन न लागणे असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले, तर डॉक्टरांना भेटावे. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत उपलब्ध आहे. सुरू असलेल्या गोळ्या वहीच्या भरवशावर बंद करणे तर सर्वथा चुकीचे.

हीच गोष्ट अन्यायाची. मारहाण सोसणाऱ्या सुनेला किंवा तीन महिने पगार न मिळालेल्या कामगाराला ‘जे आहे त्याबद्दल आभार मान’ असे सांगणे म्हणजे त्यांचे तोंड बंद करणे होय. कामगाराने आपल्या वहीत उसने पैसे देणाऱ्या मित्राचे नाव जरूर लिहावे. थकलेल्या पगाराचा आकडाही त्याच पानावर असावा.