नफ्याचे धोरण आणि लोकांचे हित

दिनांक 23 सप्टेंबर 2023 रोजी मध्यरात्रीनंतर काही तासांतच नागपुरात शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि काठच्या वस्त्यांत पाणी शिरून माणसे दगावली. तलावाच्या शेजारच्या प्रताप नगराला हे संकट विसरता येणार नाही. एका पावसावरून जगाच्या हवामानाचा निवाडा करता येत नाही. नदीपात्रांतील अतिक्रमणांचा दोषही कोणी आभाळावर ढकलू नये. तथापि तापलेली हवा अधिक बाष्प धारण करते व त्यामुळे अतिवृष्टीचा संभव वाढतो, हे शास्त्र आता निर्विवाद आहे. तेव्हा ही तापमानवाढ रोखण्याचे धोरण कोणाच्या सल्ल्याने ठरते, हा प्रश्न नागपूरकरांचाही आहे.

या कामी बलाढ्य बहुराष्ट्रीय कंपन्यांचा सल्ला कितपत भरवशाचा? एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीला तिच्याच शास्त्रज्ञाने 1977 मध्ये तापमानवाढीची कल्पना दिली होती. तरीही पुढे त्या शास्त्राविषयी संशय पेरण्यात ती अग्रभागी राहिली. एन्रॉनने उलट 1997 च्या क्योटो कराराचा पुरस्कार केला, कारण नैसर्गिक वायूच्या व उत्सर्जन-परवान्यांच्या व्यापारांत तिला लाभ दिसत होता. हीच एन्रॉन दाभोळला आली. तिचा 1993 चा करार 1995 मध्ये रद्द होऊन पुन्हा नव्याने झाला. वीजदर डॉलरशी बांधलेला. वीज घेतली न घेतली तरी मंडळाने ठरलेला आकार भरावयाचा! 1999 मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प 2001 मध्ये बंद पडला आणि त्याच वर्षी कंपनीचेही दिवाळे वाजले.

एकीने शास्त्र झाकले, दुसरीने त्याचा जयजयकार केला. हेतू मात्र एकच, नफा. व्यापाऱ्याने नफा पाहावा यांत नवल नाही. परंतु लोकहिताचा विचार सरकारने त्याच्यावर सोपवावा, हा प्रमाद होय.

अर्थात सारे पाप परक्यांच्या माथी मारून आपण सोवळे ठरत नाही. कोराडी व खापरखेडा येथील कोळशावरील वीजकेंद्रे सरकारी कंपनीचीच आहेत आणि त्यांचा धूर व राख आपल्याच दारी येते. स्वच्छ विजेसाठी परदेशी भांडवल आले तर आमचा विरोध नाही. मात्र केंद्र सरकारने 2023 मध्ये कार्बन-क्रेडिटच्या व्यापाराची योजना अधिसूचित केल्यापासून अशा सौद्यांचे नवे दालन उघडले आहे. म्हणूनच आमची मागणी स्पष्ट आहे: दीर्घ मुदतीचा प्रत्येक वीजकरार व कार्बनचा प्रत्येक सरकारी सौदा सहीपूर्वी मराठीत प्रसिद्ध व्हावा, त्यांतील जोखीम कोणाच्या शिरावर आहे हे सांगितले जावे आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनांत त्यावर उघड चर्चा व्हावी. दाभोळची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. तोच धडा दुसऱ्यांदा विकत घेण्याचे कारण नाही.