पाळणाघराच्या भिंती नको, हात मोजा



टोमॅटो तोडायला, धुणीभांडी करायला किंवा दवाखान्यात ड्युटीला जाणारी अकोल्यातली आई आपलं सहा महिन्यांचं लेकरू कुठं ठेवते? आजी असेल तर आजीपाशी. नसेल तर थोरल्या पोरीची शाळा बुडते. अंगणवाडीत बसायला मूल तीन वर्षांचं लागतं, आणि तीही काही तासांत सुटते. मग पैसे मोजून पाळणाघर शोधावं लागतं.

तिथं गेल्यावर आपण भिंतीवरची चित्रं, खेळणी, कॅमेरा बघतो. 2016 साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली. दिसली, पण थांबली नाही. कॅमेरा रडतं बाळ उचलून घेत नाही. त्याला माणसाचे हात लागतात.

म्हणून आमचं सांगणं एकच : हात मोजा. तान्ह्याला वाटी-चमच्यानं दूध पाजायला निवांत वेळ लागतो. एकटीकडं आठ तान्ही असली की बाटली उशीला टेकवून तोंडात दिली जाते, दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. एकाची शी धुतलेले हात साबणाविना दुसऱ्याच्या वाटीला लागतात, आणि जुलाब घरी येतो. बाई वाईट नसते, हात अपुरे असतात.

केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सेविका आहे. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक. नर्सिंगच्या अनुभवावरून आम्ही म्हणतो, वर्षाच्या आतली तीन-चार बाळं एका बाईला पुरे.

सकाळी नव्हे, दुपारी न सांगता जाऊन बघा. तान्ही किती, बाया किती? स्वयंपाक करणारी त्यात धरू नका. एक बाई रजेवर असेल तर कोण येतं? बाळाला पाठीवर निजवतात का? झोपेत कोण लक्ष ठेवतं? उत्तर टाळलं, तर बाळ ठेवू नका.

पण मजुरीतून आपण देतो त्या फीमध्ये तीन बायांचा पगार निघणार नाही, हेही खरं. इथं सरकारनंच खर्च उचलायला हवा. बाळंतिणीच्या विश्रांतीत देशाचं हित आहे आणि त्याचा बराचसा भार सरकारनं सोसावा, हे बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं होतं. आज केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुलं, आणि त्यासाठी वेगळी सेविका व मदतनीस.

तेव्हा विहारातल्या पुढच्या बैठकीत वस्तीतल्या तान्ह्यांची यादी करू या. कामावर जाणाऱ्या आयांच्या सह्यांचा अर्ज बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना आणि नगरपंचायतीला देऊ, पोच घेऊ. अर्जात नुसतं पाळणाघर मागायचं नाही. तान्ह्यांसाठी जादा बाई मागायची.