यीस्टचा निरोप आणि तुमचा निळा पंप

पाव फुगवणारं यीस्ट म्हणजे एकाच पेशीची बुरशी. तिच्यात नर-मादी नसतात, पण 'ए' आणि 'आल्फा' असे दोन प्रकार असतात. चालता येत नाही, डोळे-कान नाहीत. मग जोडीदार शोधायचा कसा? आल्फा पेशी 13 अमिनो आम्लांचा एक छोटा रेणू बाहेर सोडते. 'ए' पेशीच्या आवरणावर तो पकडणारा रिसेप्टर असतो. निरोप पोचला की ती पेशी स्वतःचं विभाजन थांबवते आणि जिकडून निरोप जास्त, तिकडे सोंडेसारखी वाढते. यालाच फेरोमोन म्हणतात. (माणसासाठी 'फेरोमोन परफ्यूम' विकतात, त्यावर पैसे घालवू नका. माणसात असं काही अजून सिद्ध झालेलं नाही.)

नरसीच्या माणसाला याचं काय, असं विचाराल. याच घराण्यातला रिसेप्टर तुमच्या श्वासनळीतही आहे. दम्याचा निळा पंप, म्हणजे सालब्युटामॉल, त्यावरच बसतो. या घराण्यावरच्या कामाला 2012 चं नोबेल मिळालं.

आता महत्त्वाचं. निरोप येत राहिला पण जोडीदार मिळाला नाही, तर यीस्टची पेशी त्याकडे दुर्लक्ष करू लागते आणि पुन्हा विभाजन सुरू करते. आपली पेशीही तशीच. सालब्युटामॉलचा रोज मारा झाला की ती काही रिसेप्टर आत ओढून घेते. पंप तोच, गुण कमी.

सोयाबीनच्या मळणीत धूळ उडते आणि दमेकरी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय निळा पंप आणतात. तो नळी तात्पुरती उघडतो, आतली सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो स्टेरॉइडचा पंप. आणि लोक घाबरतात नेमके त्याला, "सवय लागेल" म्हणून! माझ्या मते ही भीती चुकीच्या पंपाला चिकटली आहे. एकटा निळा पंप लिहून देणारे आम्ही डॉक्टरही यात दोषी आहोत. 2019 पासून दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं तसं करू नका म्हणतात.

200 पफचा निळा डबा महिन्यात संपत असेल तर जिवाला धोका आहे. तो फेकू नका, पण तपासून घ्या आणि दुसरा पंप सुरू करा. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, तर निळा पंप घेत घेत थेट हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय गाठा.